परदेशीच्या अकरा बहिणी

आमच्या पडेगावच्या गल्लीत एका इंग्रज लफंग्याला अकरा बहिणी आहेत, आणि त्या अकराच्या अकरा मी त्याला मिळवून दिल्या आहेत.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आमच्याकडे एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आहे, अडीचशे वर्षांहून जुनी. कुणीतरी टाकून दिलेलं पोर एका मोठ्या घरात वाढतं, तरणंबांड होतं, घरातून हाकललं जातं आणि मग कादंबरीभर इंग्लंडच्या रस्त्यांवर भटकत राहतं. वाटेत सराया लागतात, मारामाऱ्या होतात, आणि दर सराईत कुणी ना कुणी बाई त्याच्यावर भाळते. तोही लगेच भाळतो. पोरगा मनानं चांगला. पण बाईमाणसाला नाही कसं म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं! ही कादंबरी सुरू झाली की माझ्या वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत गाढ शांतता पसरते. (झोपेची.)

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं आषाढात झालं. आषाढ पौर्णिमेपासून आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन असतं. रोज संध्याकाळी एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि गल्लीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून ऐकायला बसतात. आईनं आजवर एकही संध्याकाळ चुकवली नव्हती. आता डॉक्टरांनी तिला घराचा उंबरा ओलांडायलाही बंदी केली आणि तिची चिडचिड सुरू झाली.

"मला घरी वाचून दाखव कायतरी," ती म्हणाली.

"मोबाईलवर ऐकायची सोय आहे. लावून देतो."

"मोबाईलला मधीच काय इचारता येतं का? तू येवढी पुस्तकं घिऊन बसतो, त्यातलं सांग. ते जाडं हाये ना, दुपारी उशाला घेतो ते!"

अशी ती कादंबरी आमच्या पुढच्या खोलीत सुरू झाली. मी एक परिच्छेद इंग्रजीतून वाचायचा आणि मग त्याचा अर्थ मराठीत सांगायचा. (पुस्तक मी तेव्हा तिसऱ्यांदा वाचत होतो. आधीच्या दोन्ही वेळेला गाईड वाचलं होतं.) दुसऱ्या दिवशी शेजारच्या कौसाबाई विहारातलं वाचन आटोपून आईला भेटायला आल्या आणि बसल्या त्या उठल्याच नाहीत. मग त्यांनी आणखी दोघींना आणलं, त्या दोघींनी आणखी चौघींना. आठवड्याभरात माझ्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही.

आणि या बायांना वाचन ऐकायची जी सवय होती, ती त्यांनी जशीच्या तशी माझ्या लफंग्याला लावली! टीपॉयवर स्वच्छ कापड आलं. पुस्तक खाली ठेवायचं नाही. वाचताना मधेच उठायचं नाही. एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत न्यायचं आणि समापनाला खीर करायची. सगळ्यात कडक नियम म्हणजे, एकही पान सोडायचं नाही. पहिल्या दिवशी मी वाचन थांबवल्यावर मागच्या दोघी सवयीनं "साधु, साधु" म्हणायला लागल्या, तेव्हा आईनं त्यांना थांबवलं.

"ह्याला साधु नाय म्हनायचं गं. गोष्ट हाये ही."

पण गोष्ट ऐकावी ती त्यांनी! मी खरंच थक्क झालो. त्या इंग्रज लेखकाला एक खोड आहे. कथा रंगात आली की तो मधेच थांबतो आणि वाचकाशी गप्पा मारायला लागतो. माझे विद्यार्थी ही पानं सरळ उलटतात. (मीही उलटायचो.) आई मात्र लगेच म्हणाली, "हा बाबा तर आपल्या जलशातला दिसतो. गाणं चढलं की थांबून चिमटा काढतो." इतकी वर्षं मी फळ्यावर जे लिहून थकलो, ते तिनं पानाला चुना लावता लावता सांगून टाकलं. नायकाचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बायांनी त्याचं नाव ठेवलं परदेशी. टाकलेलं लेकरू म्हटल्यावर तर त्याच्यावर सगळ्यांचा जीव जडला. त्याला घराबाहेर काढलं, त्या संध्याकाळी दोघी-तिघी जेवल्या नाहीत.

मग पहिली सराई आली.

"रात्र झाली होती," मी सांगत होतो, "आणि तो त्या बाईच्या खोलीत गेला."

"कशाला?" आईनं विचारलं.

पंधरा-वीस पांढऱ्या साड्या माझ्याकडे बघत होत्या. समोर आई, आणि आईच्या शेजारी कौसाबाई, ज्यांनी मला लहानपणी अंगणात न्हाऊ घातलं होतं.

"जेवायला," मी म्हणालो.

"जेवायला खोलीत?"

"ती... त्याची मानलेली बहीण होती."

"अगं माय!" कौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "लेकराला बहीण भेटली!"

आता तुम्हीच सांगा, यानंतर माघार कशी घ्यायची? दुसऱ्या सराईतली बाई दुसरी बहीण झाली. एका शिपायाची बायको तिसरी. लंडनची एक बडी सरदारीण त्याला नवे कपडे शिवून देते आणि रात्री बग्गी पाठवून बोलावून घेते, ती "पैसेवाली मोठी बहीण" झाली. पान सोडायला बंदी, त्यामुळे एकही बाई टाळता येईना! भाद्रपद संपेपर्यंत त्या अनाथ पोराला अकरा बहिणी झाल्या होत्या आणि बाया त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा चोख ठेवत होत्या.

"सर, पाचवीनं ह्याला रुमाल दिलता, तो कुठं गेला?"

"सर, समद्या बहिनी ह्याला रातच्यालाच काऊन भेटत्यात?"

"दिवसा त्यांना कामं असतात," मी घाम पुसत म्हणायचो.

माझी बायको वैशाली स्वयंपाकघरात हे सगळं ऐकायची. कादंबरीत परदेशीची एक खरी प्रेयसी आहे, शेवटी त्यांचं लग्न होतं. ती जेव्हा कथेत आली आणि मी "ही मात्र बहीण नाही" असं ठासून सांगितलं, तेव्हा आतून आवाज आला, "बरं झालं, एक तरी शिल्लक ठेवलीत!"

इथवरही निभावलं असतं. पण कौसाबाईंनी हे बहीणप्रकरण फार मनाला लावून घेतलं. त्यांचा एक धाकटा भाऊ आहे, रंगनाथ, लासूर स्टेशनला कांद्याची आडत चालवतो. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचं लग्न होतं. आमच्याकडे घरच्या लग्नाला लेकीबहिणींना न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला मूळ येणं म्हणतात. कौसाबाई साडी काढून, पिशवी भरून मुळाची वाट बघत बसल्या. मूळ आलं नाही. मोबाईलवर पत्रिका आली! खाली दोन जोडलेले हात. कौसाबाई लग्नाला गेल्या नाहीत, आणि त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद झालं ते बंदच होतं.

"सर," एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर त्या दाराशी थांबून म्हणाल्या, "तो परदेशी पाऊसपान्यात चिखल तुडवत एकेका मानलेल्या बहिनीच्या दारात जातो. अन माझा पाठचा भाऊ तासाभराच्या वाटंवर हाये." त्यांना पुढं बोलवेना. मलाही बोलवेना, पण माझं कारण वेगळं होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी वैशालीनं बायांना चहा देता देता सहज म्हटलं, "ह्या कादंबरीवर पिक्चर आहे म्हणे. जुना आहे, पण चांगला आहे म्हणतात."

खोलीत एकदम उत्साहाचं वारं आलं.

"समापनाला पिक्चर लावा!" आई म्हणाली.

"मिळत नाही तो," मी घाईनं म्हणालो.

"मिळाला," वैशाली मोबाईल बघत म्हणाली.

"इंग्रजीत आहे. कुणाला कळणार?"

"तुम्ही हाय की सांगायला!" सगळ्या एका सुरात.

"फार मारामारी आहे त्यात."

"मंग तर बघायलाच पायजे!"

रात्री मी वैशालीला बहिणींची खरी हकीकत सांगितली. ती उशीत तोंड खुपसून इतकी हसली, की पलीकडच्या खोलीतून आईनं "काय झालं गं?" म्हणून विचारलं. मग डोळे पुसत ती म्हणाली, "बहिणी तुम्ही जन्माला घातल्या, आता तुम्हीच नांदवा." आणि कूस बदलून झोपली.

दोन दिवसांनी वाचन आटोपल्यावर कौसाबाई पुन्हा दाराशी थांबल्या. पिक्चरला रंगनाथला बोलवायचं त्यांनी ठरवलं होतं. भावानं एकदा डोळ्यांनी बघावं, बहिणीच्या दारात भाऊ कसा जातो. पण बोलवायचं तर रीतीनं, माणूस पाठवून. आणि माणूस कोण, तर ज्यानं ही गोष्ट सांगितली तो!

मी रविवारी लासूरला गेलो. रंगनाथभाऊ कांद्याच्या ढिगापाशी खुर्ची टाकून बसले होते. कपाळावर आठ्या, हातात कांदा.

"जयभीम. मी कौसाबाईंकडून आलोय, मूळ म्हणून."

त्यांनी कांदा खाली ठेवला. मग गड्याला चहा सांगितला.

"काय कार्यक्रम हाये?"

"पिक्चर आहे."

"पिक्चरला मूळ?" त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "कसला पिक्चर?"

त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. पण मला कौसाबाईंचा दाराशी उभा असलेला चेहरा दिसला.

"भावाबहिणीचा," मी म्हणालो.

चहा आला. आम्ही दोघांनी तो प्यायला. मी निघालो तेव्हा ते म्हणाले, "आक्कानं सोता माणूस पाठवला?" मी मान हलवली. "मंग यावंच लागन."

परतीच्या रेल्वेत मी खिडकीला डोकं टेकून बसलो. आजवर फक्त गोष्टीत घोळ घातला होता, आता तो खऱ्या माणसांच्या घरात शिरला होता. पिक्चर सुरू झाला आणि खरं उघडं पडलं, तर सहा वर्षांनी आलेला तो भाऊ आपली चेष्टा केली म्हणून आल्या पावली परत जाणार, आणि मग कौसाबाई जन्मात कुणाला बोलावणार नाहीत. हे सगळं माझ्या सभ्यपणामुळे!

विहारातल्या समापनानंतर दोन दिवसांनी आमचं घरचं समापन ठरलं. अंगणात पांढरा पडदा, प्रोजेक्टर, दोन स्पीकर आणि माझ्या हातात माईक. खिरीचं पातेलं चुलीवर. मी शेवटचा उपाय म्हणून वीज जाण्याची वाट बघत होतो. आमच्याकडे वीज एरवी कुणी शिंकलं तरी जाते. त्या संध्याकाळी ती ढिम्म हलली नाही!

रंगनाथभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सगळ्यात मागं खुर्चीवर बसले. कौसाबाई सगळ्यात पुढं चटईवर होत्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. कौसाबाईंचा पदर मात्र उगाच सारखा नीट होत होता.

पिक्चर सुरू झाला आणि अंगणाचा श्वास थांबला. हिरव्यागार टेकड्या, धुकं, भुंकणारी शेकडो कुत्री आणि त्यांच्या मागं धावणारे घोडे.

"अय बाई, येवढं गवत!" कुणीतरी म्हणालं. "अन एक बी शेळी नाय?"

परदेशी पहिल्यांदा पडद्यावर आला, तेव्हा बायांनी त्याला टाळ्या वाजवून घरात घेतलं. देखणा, हसरा, केस विस्कटलेले. "अस्साच वाटला व्हता मला!" आई म्हणाली. त्याला घरातून काढून दिलं, तसे अंगणभर पदर डोळ्यांना लागले. मी माईकवरून एकेक वाक्य मराठीत सांगत होतो आणि मलाच भरून येत होतं. ही माणसं इंग्लंडची, पुस्तक अडीचशे वर्षांचं, आणि रडतंय पडेगाव! असलं काही मी कधी बघितलं नव्हतं.

मग सराई आली. मी हळूच वैशालीच्या लॅपटॉपकडे सरकलो.

"इथं थोडं पुढं ढकलू या का? कंटाळवाणं आहे जरा."

"पान सोडायचं नाय!" आईचा आवाज कडाडला.

पडद्यावर एक बाई आली. तिच्या पोलक्याला गळा म्हणून जो काही होता, तो फारच मोकळ्या मनानं शिवलेला होता.

"ही पहिली बहीण," मी माईकवर पुटपुटलो.

"हिला थंडी नाय वाजत?" आईनं विचारलं.

"श्रीमंत आहे ती. सवय असते."

"वाचताना तर गरीब म्हन्ला व्हता!"

मी खोकलो. तेवढ्यात माझ्या नशिबानं जेवणाचा प्रसंग सुरू झाला. मोठं टेबल, दोन मेणबत्त्या, पाव, भाजलेलं मटण, वाफाळता रस्सा. दोघं समोरासमोर बसून जेवतात आणि एकमेकांवरची नजर काढत नाहीत. एक शब्द बोलत नाहीत. मधेच ती आपल्या ताटातला तुकडा उचलते आणि त्याच्या तोंडात घालते.

"घास भरवती गं माय!" कौसाबाई म्हणाल्या.

मला हुरूप आला. "बघा मंडळी! किती दिवसांनी भाऊ आलाय. बहिणीला काय बोलावं सुचत नाही. नुसती डोळे भरून बघतेय!"

अंगण हुंदक्यांनी भरून गेलं. मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं, तर रंगनाथभाऊ रुमालानं नाक पुसत होते. कांद्याच्या आडतीत आयुष्य गेलेला माणूस, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं! मी जिंकलो असं मला वाटलं.

पडद्यावर मेणबत्ती विझली.

"दमला होता. झोपला," मी म्हणालो.

"अन ती?"

"ती त्याला वारा घालतेय."

"थंडीत?" आई म्हणाली.

मला उत्तर सुचायच्या आत पडद्यावर सकाळ झाली. धाडकन दार फुटलं आणि हातात दांडका घेतलेला एक धिप्पाड नवरा आत शिरला. पलंगावर एकच गोधडी होती आणि तिच्याखालून दोन डोकी वर आली. परदेशीनं गोधडी फेकली, हाताला लागली ती विजार उचलली आणि अर्धी विजार पायात, अर्धी हातात, असा तो खिडकीतून बाहेर लोंबकळला. मग त्यानं मान वळवली, पडद्यातून थेट आमच्याकडे बघितलं आणि डोळा मारला. नेमका कौसाबाईंना!

वैशालीनं पिक्चर तिथंच थांबवला. (का थांबवला, हे तिला मी आजही विचारलेलं नाही.)

अंगणात कुणी हालेना. चुलीवरची खीर तेवढी रटरटत होती. मग मागची खुर्ची सरकली आणि रंगनाथभाऊ उभे राहिले.

"सर, ह्यो मानूस बहिनीच्या घरून नेहमी असाच निघतो का?"

कौसाबाईही उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"सर, खरं सांगा. ही त्याची बहीण हाये का नाय?"

"नाही," मी म्हणालो. माईक चालू होता. माझं "नाही" दोन स्पीकरमधून दौलताबादच्या रस्त्यापर्यंत गेलं.

"अन दुसरी?"

"नाही."

"ती कपडे शिवणारी सरदारीण?"

"ती तर मुळीच नाही!"

"मंग ह्याला बहिनी किती?"

"एक पण नाही, कौसाबाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग मागं वळल्या. सहा वर्षांत त्यांनी भावाकडे पहिल्यांदा तोंड केलं.

"रंगनाथ," त्या म्हणाल्या, "ह्या मानसानं मला तीन महिने फुकट रडवलं रे!"

"अन मला?" रंगनाथभाऊ ओरडले. "मला लासूरला यिऊन सांगतो, भावाबहिनीचा पिक्चर! मी आत्ता नाक पुसलं ना आक्का, त्या बयेसाठी!"

"तुला कळलं नाय? तू तर येपारी मानूस!"

"तू तीन महिने ऐकत व्हती, तुला कळलं नाय? अकरा बहिनी असत्यात का कुणाला? एक सांभाळताना माझा जीव जातो!"

"तू कधी सांभाळली?" कौसाबाईंचा आवाज चिरकला. "पिशवी भरून बसले व्हते मी दारात! तू मोबाईलवर पत्रिका धाडली!"

सहा वर्षं पोटात धरलेलं सगळ्यांसमोर बाहेर पडलं. रंगनाथभाऊंनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या चपलांकडे.

"समद्याला एकदम पाठवली, आक्का. बटण दाबलं अन समद्यात तू बी गेली."

"समद्यात मी?"

"व्हय. तिथंच चुकलं माझं."

ते पुढं आले आणि सगळ्यांदेखत बहिणीच्या पाया पडले. कौसाबाईंनी आधी त्यांच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. आमचं अख्खं अंगण रडलं. मीही रडलो. आणि पडद्यावर अर्ध्या विजारीतला परदेशी एक डोळा मिटून हे सगळं बघत होता.

"झालं का?" शेवटी आई म्हणाली. "मंग पुढचं लावा. पान सोडायचं नाय."

मी माईक उचलला.

"तो ठिव खाली," आई म्हणाली. "आता समजतंय आमचं आम्हाला."

आणि समजलं त्यांना, अगदी सगळं! कुठं हसायचं, कुठं जीभ चावायची, कुठं "मेल्या, परत तिथंच!" म्हणून ओरडायचं. भाषा एका अक्षरानं येत नसताना त्या बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या आणि त्याच्या लग्नात टाळ्या वाजवत होत्या. नाही म्हणता न येणाऱ्या त्या पोरावर त्यांची माया तसूभरही कमी झाली नव्हती. इतकी वर्षं या कादंबरीवर पोट भरूनही मी ती अशी कधी बघितली नव्हती. मी खिरीच्या पातेल्याशेजारी तोंड उघडं टाकून बसून राहिलो.

खीर झाल्यावर रंगनाथभाऊंनी आपली गाडी दारात लावली. "आक्का, मी सोता मूळ आलोय. चल." कौसाबाई पाच मिनिटांत पिशवी घेऊन आल्या आणि गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. जाताना त्यांनी काच खाली केली आणि मला म्हणाल्या, "सर, लई लबाड हाये तुम्ही." हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं, की मी ते कौतुक समजलो.

सगळे गेल्यावर मी जरा ताठ होऊन आईसमोर बसलो. म्हटलं, दोन गोड शब्द बोलेल.

"परक्या पोराला अकरा बहिनी दिल्या," आई म्हणाली. "आपली उज्वला, तुझी सख्खी बहीन, इथंच सिडकोत ऱ्हाती. तिला खीर खायला बोलावलं व्हतं का?"

"बोलावलं की," मी म्हणालो. "घरच्या ग्रुपवर टाकलं होतं."

आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. आतून वैशालीच्या भांडी घासण्याचा आवाजही थांबला.

मी मुकाट्यानं फोन उचलला. उज्वलानं तो पहिल्याच घंटीला घेतला. त्याच ग्रुपवर वैशालीनं माझ्या माईकवरच्या "नाही, नाही"चा व्हिडिओ, मागं पडद्यावर खिडकीतून लोंबकळणाऱ्या परदेशीसकट, टाकला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"उज्जू, उद्या मी स्वतः येतो तुला न्यायला," मी म्हणालो. "मूळ म्हणून."

"ये की दादा," माझी बहीण म्हणाली. "फक्त दारानं ये, आणि जाताना बी दारानंच जा!"